मैदानावरची विचारपूस : ‘ही चौदाची वाटत नाही’

शालेय सॉफ्टबॉलबद्दल या वेळी जी पत्रं आली, त्यांतली निम्म्याहून जास्त वयाबद्दलची आहेत. राइजबॉल कसा टाकायचा, स्लाइडिंगला कोणती पँट घालायची, हे कुणालाच विचारायचं नाही. प्रत्येकाला दुसऱ्याच्या मुलीचा जन्म कधी झाला ते हवंय. मी कॅचर म्हणून खेळले, पुढे इंदुरातच शाळेत खेळशिक्षिका झाले आणि स्पर्धांमध्ये बरीच वर्षं खेळाडूंच्या वयाच्या कागदांच्या छाननीच्या टेबलावर बसले. त्यामुळे संपादकांनी हा सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला आहे.

प्रश्न : ताई, माझी मुलगी आठवीत आहे, तेरा पूर्ण. उंची पाच फूट सात इंच, हाडापेरानं मजबूत, पिचिंग करते. चौदा वर्षांखालच्या सामन्यात समोरच्या संघाचे पालक हमखास ओरडतात, “ही चौदाची आहे? कॉलेजातली दिसते!” मागच्या स्पर्धेत अंपायरनी सामना थांबवला आणि तिला सगळ्यांसमोर कागद आणायला लावले. कागद बरोबर निघाले, पण ती आता खेळायला नको म्हणते.
– एक आई, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आधी सामना थांबवण्याबद्दल बोलते, कारण चीड तिथेच येते. खेळाडू पात्र आहे की नाही हा अंपायरचा विषयच नाही. बॉल की स्ट्राइक, सेफ की आउट, हे त्यांनी बघावं. पात्रतेबद्दल शंका असेल तर समोरच्या मॅनेजरनं लेखी हरकत द्यायची आणि आयोजक समितीनं कागद मागवायचे. तेही मुलीकडून नाही, तिच्या मॅनेजरकडून. प्रेक्षकांतल्या कुण्या काकांनी बोट दाखवलं म्हणून पिचरला सर्कलमधून बाहेर बोलावणं ही आयोजकांची ढिलाई झाली. त्यांना पत्र लिहा आणि एवढंच मागा, की पुढच्या वेळी छाननी नोंदणीच्या दिवशीच उरकावी, खेळाडूंच्या यादीवर सही-शिक्का मारावा आणि ती यादी सामन्याआधी दोन्ही संघांना दाखवावी. मग ओरडणाऱ्याला “समितीकडे जा” एवढं म्हटलं की पुरतं.

आता उंचीचं. मुलींची उंची सगळ्यात झपाट्यानं वाढते ती साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. पण हे ‘साधारण’ फार फसवं आहे. एखादी नवव्या-दहाव्या वर्षीच ताडकन वाढायला लागते, एखादी तेराव्यापर्यंत जागची हलत नाही. आठवीच्या कुठल्याही वर्गाची प्रार्थनेची रांग बघा. पहिली मुलगी आणि शेवटची मुलगी यांच्यात वीतभर फरक असतो, आणि दोघींचे वाढदिवस एकाच आठवड्यात निघू शकतात. तुमची लेक लवकर वाढली, इतकंच. आणखी दोन-तीन वर्षांत बाकीच्या तिला गाठत आल्या की हे लोक दुसऱ्या कुणाला तरी शोधतील.

एक गोष्ट मात्र त्या ओरडणाऱ्यांच्या बाजूनं सांगितलीच पाहिजे. त्यांची भीती खोटी नाही. मोठ्या मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचरची पट्टी होम प्लेटपासून ४३ फुटांवर असते. अमेरिकेत बाराच्या खालच्या मुलींसाठी ती ४० फुटांवर आणतात, दहाच्या खालच्यांसाठी ३५ फुटांवर, आणि या सगळ्यात लहान मुलींना चेंडूही १२ ऐवजी ११ इंच घेराचा देतात. वयोगट नुसते पदकं वाटायला पाडलेले नाहीत, पोरांचे दात शाबूत राहावेत म्हणूनही पाडलेत. ४३ फुटांवरून ताशी ९५ किलोमीटरनं निघालेला चेंडू अर्ध्या सेकंदात बॅटरपाशी पोचतो. समोर खरोखरच सतरा वर्षांची मुलगी उभी असेल, तर बारा वर्षांच्या बॅटरच्या आईनं बोललंच पाहिजे. फक्त ते मॅनेजरशी बोलावं, त्या मुलीला उद्देशून नाही.

लेकीच्या किटबॅगेत कागदांची फाइल ठेवू नका. फाइल मॅनेजरकडे, ग्लव्ह तिच्याकडे. आणि ती ‘खेळायचं नाही’ म्हणतेय तर पंधरा दिवस तसंच राहू द्या, समजावत बसू नका. सरावाला मैत्रिणी बोलवायला आल्या की बहुतेक मुली आपण होऊन बूट घालतात.

प्रश्न : मॅडम, मी राजेंद्रनगर भागातल्या एका शाळेत नुकताच खेळशिक्षक म्हणून लागलोय. जानेवारीत चौदा वर्षांखालील मुलींची आंतरशालेय स्पर्धा आमच्याकडे आहे आणि छाननी माझ्या गळ्यात पडलीय. सगळे आधार कार्ड घेऊन येतात. काय बघायचं आणि कसं?
– एक नवा ‘पीटी सर’

उत्तर : आधार बाजूला ठेवा. समोर उभी आहे ती तीच मुलगी का, एवढ्यापुरतं ते चालेल. जन्मतारखेचा पुरावा म्हणून ते धरू नका, हे आधार देणारं प्राधिकरण स्वतःच सांगतं. भविष्य निर्वाह निधीच्या संघटनेनं जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढून टाकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात अपघाताच्या भरपाईचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात होता, तिथेही आधारवरची तारीख बाजूला ठेवून शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची धरली गेली. समग्र आयडीचं, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकाचं म्हणाल, तर त्यातली केवायसी आधारवरूनच होते. तीच तारीख दोन कागदांवर बघून तुम्हाला नवीन काय कळणार?

तुम्हाला दोन कागद हवेत. एक, नगर निगमचं किंवा पंचायतीचं जन्म प्रमाणपत्र. दोन, शाळेच्या स्कॉलर रजिस्टरमधल्या नोंदीची प्रत, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह. अंकसूची, म्हणजे गुणपत्रिका, तिसरी, असली तर उत्तम.

जन्म प्रमाणपत्र हातात आलं की सगळ्यांची नजर जन्मतारखेवर जाते. तुम्ही ती शेवटी बघा. आधी ‘पंजीकरण’ची तारीख शोधा, म्हणजे जन्म सरकारी वहीत चढला तो दिवस. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म २१ दिवसांत कळवायचा असतो. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा आदेश जिल्हा दंडाधिकारी, एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) किंवा नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. तेव्हा जन्म २०१२ चा आणि नोंदही त्याच महिन्यातली असेल, तर चहा प्या आणि पुढचा कागद घ्या. जन्म २०१२ आणि नोंद २०२३ असेल, तर तिच्यामागे आदेश असलाच पाहिजे. तो मागा. उशिरा नोंद म्हणजे लबाडी, असं मात्र मनात धरू नका. घरी बाळंतपण झालेल्या, कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबांतल्या मुलींच्या नोंदी उशिराच होतात, आणि त्यांतल्याच कित्येक जणी उत्तम धावतात. पण निवड चाचणीच्या दोन महिने आधी झालेली नोंद मी चष्मा पुसून वाचते.

दुसरी तारीख ‘जारी’ केल्याची. नवे लोक हिलाच घाबरतात. प्रत कालची असली तरी नोंद बारा-तेरा वर्षांपूर्वीची असू शकते. जुनी हरवली, फाटली, क्यूआर कोडवाली हवी म्हणून लोक नवी काढतात. एका स्पर्धेत आयोजकांनी केवळ या तारखेवरून दूरच्या गावाहून आलेल्या मुलींना परत पाठवलेलं मी पाहिलंय. त्यांच्या नोंदी जन्मानंतर आठवड्याभरातल्या होत्या. क्यूआर कोड जरूर स्कॅन करा, पण उघडलेल्या पानाचा पत्ताही वाचा. शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना? सरकारी पानासारखी हुबेहूब बनावट पानं निघालेली आहेत.

स्कॉलर रजिस्टर ही माझी लाडकी वही. मूल पहिल्यांदा शाळेत आलं त्या दिवशीची ती नोंद असते, आणि त्या वयात कुणाला माहीत असतं की ही पुढे शॉर्टस्टॉप होणार आहे! त्यात तारीख आकड्यांतही असते आणि अक्षरांतही. खाडाखोड करणारा घाईत असतो, तो आकडा बदलतो आणि अक्षरं विसरतो. एका टीसीवर, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, २०१० चं पांढऱ्या शाईनं २०१२ झालं होतं, शेजारी ‘दो हजार दस’ सुखानं नांदत होतं. आणली ती थेट मॅनेजरनंच, वर म्हणतो, “मॅडम, बिलकुल ओरिजिनल है।”

मग साधी वजाबाकी करा. पहिलीत प्रवेशाचं वर्ष उणे जन्मवर्ष. सहा आलं, ठीक. पाच आलं, चालेल. चार आलं तर शाळेला फोन लावा. मधे शाळा बदलली असेल तर आधीच्या शाळेची टीसी मागा, कारण तारीख बदलायची असेल तर ती बहुतेकदा शाळा बदलतानाच बदलते. १ जुलै जन्मतारीख असलेल्या मुली ढिगानं येतील. आपल्याकडे शाळा १ जुलैला उघडायच्या आणि आईबापांना तारीख सांगता आली नाही की मास्तर तीच लिहून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रात हेच १ जूनचं होतं. अशी तारीख दिसली की मुलीवर संशय नको, पण त्या एका नोंदीवर विसंबूही नका. जन्म प्रमाणपत्र बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि भावंडं विसरू नका. एका संघात दोघी सख्ख्या बहिणी होत्या. दोघींचे कागद वेगवेगळे पाहिले तर निर्दोष. शेजारी शेजारी ठेवले तेव्हा दोघींच्या जन्मात पाच महिन्यांचं अंतर निघालं. त्यांच्या काकांनी टेबलावरचे पोहे अर्धवट टाकून जे गाठलं, ते स्टेशनच.

तुमची स्पर्धा जानेवारीत आहे, इथे एक खड्डा आहे. ‘चौदा वर्षांखालील’ एवढंच परिपत्रकात लिहून भागत नाही. शालेय खेळांमध्ये १४, १७ आणि १९ असे गट असतात आणि वय वर्षाच्या टोकाला मोजतात. पण टोक कुठल्या वर्षाचं, नुकत्याच संपलेल्या की चालू? तुम्ही ठरवा आणि ठळक छापा : ‘जन्म अमुक तारखेला किंवा त्यानंतरचा.’ हे एक वाक्य नसल्यामुळे नेहरू स्टेडियमबाहेर दोन शाळांचे मुख्याध्यापक हमरीतुमरीवर आलेले मी पाहिलेत. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

टेबलावर दोघं बसा, त्यातला एक तुमच्या शाळेचा नको. यजमान संघाचे कागद सगळ्यात आधी तपासा, सगळ्यांच्या देखत. मूळ कागद बघून लगेच परत द्या. आपल्या मोबाइलमध्ये त्यांचे फोटो काढू नका आणि व्हॉट्सअॅपवर तर चुकूनही टाकू नका. मुलीच्या आईचं नाव, घरचा पत्ता, जन्मतारीख, सगळं त्यावर असतं. एखादीचे कागद जुळलेच नाहीत, तर मॅनेजरला खोलीत बोलावून सांगा, तिच्या शाळेला लेखी कळवा. मुलीला बाकावरून उठवून नेऊ नका.

प्रश्न : माझ्या मुलीच्या जन्म प्रमाणपत्रावर १४ मार्च आहे, आधारवर आणि अंकसूचीवर १४ मे. शिवाय प्रमाणपत्रावर तिचं नावच नाही, नुसतं आईबापांचं आहे. मुलगी बारा वर्षांची. निवड चाचणी पुढच्या महिन्यात. ओळखीचे वकील म्हणतात, शपथपत्र करून टाका, काम होईल.
– एक वडील, वैशालीनगर

उत्तर : शपथपत्र म्हणजे तुम्ही जे म्हणता तेच स्टॅम्पपेपरवर. त्यानं जन्म दोन महिने पुढे सरकत नाही. दवाखान्यानं तेव्हाच कळवलेली नोंद मार्चची असेल, तर मार्च खरा. बाकीचे कागद त्याच्यामागे यायला हवेत. लोक नेमकं उलट करतात. तीन कागदांवर मे आहे म्हणून चौथा मे करायला धावतात.

नावाचं सोपं आहे. मुलाचं नाव न घालता जन्म नोंदवता येतो आणि नाव नंतर चढवता येतं, वर्षाच्या आत फुकट, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तुमच्याकडे वेळ आहे, पण उद्याच निगमच्या जन्म-मृत्यू शाखेत जा. आईवडिलांची ओळखपत्रं आणि शाळेचं पत्र न्या. नाव चढलं की ते प्रमाणपत्र दाखवून आधारमधली तारीख सुधारा. ती दुरुस्ती साधारण एकदाच मिळते, म्हणून आधी निगम आणि मग आधार, हा क्रम मोडू नका. शाळेत मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. हे सगळं नववीतलं बोर्डाचं नामांकन, म्हणजे परीक्षा मंडळाकडची नावनोंदणी, व्हायच्या आत उरका. दहावीच्या अंकसूचीवर चुकीची तारीख छापून आली की ती हलवायला चपला झिजतात.

चाचणीची धास्ती घेऊ नका. मार्च काय, मे काय, वर्ष एकच आहे. गट बदलत नाही. निगमची पावती आणि अर्जाची प्रत आधीच आयोजकांकडे देऊन ठेवा.

प्रश्न : नातीला शिबिरात डाव्या मनगटाचा एक्स-रे काढायला सांगितलाय. हाडावरून वय कळतं म्हणे. कितपत खरं? आणि या वयात किरणं बरी का?
– एक आजोबा, लोकमान्यनगर

उत्तर : किरणांची काळजी सोडा, काका. मनगटाच्या एका एक्स-रेत जेवढी किरणं जातात, त्याहून जास्त आपण दिवसभरात नुसते घराबाहेर-घरात वावरताना माती-आकाशातून घेतो.

वय कळतं का, याचं उत्तर मात्र लांब आहे. लहान मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीच्या कूर्चा असतात, वाढ संपत आली की त्या बुजतात. मनगट आणि बोटं मिळून पुष्कळ हाडं एकाच चित्रात दिसतात, म्हणून मनगट. १९५० मध्ये ग्रुलिक आणि पाइल यांनी अशा चित्रांचा संग्रह काढला, समोरचं चित्र त्याच्याशी ताडून बघायचं. टॅनर आणि व्हाइटहाउस यांची पद्धत निराळी. ते एकेका हाडाला गुण देतात आणि बेरजेवरून वय काढतात. २००१ मधली तिची तिसरी आवृत्ती, टीडब्ल्यू-३, आपलं क्रिकेट मंडळ सोळाखालच्या मुलांसाठी आणि पंधराखालच्या मुलींसाठी वापरतं. सोळा आणि पंधरा हे आकडे उगाच आलेले नाहीत. या मोजणीत मुलींची हाडं पंधराव्या वर्षी पूर्ण पक्व धरतात, मुलांची साडेसोळाव्या. त्यानंतर पंधराची आणि एकोणिसाची सारखीच दिसते. सतराखालच्या मुलींना हा एक्स-रे काढायला लावणारे काय शोधतात, ते त्यांनाच ठाऊक.

दुसरं असं, की चित्रात दिसतं ते हाडाचं वय, जन्माचं नाही. पाळी लवकर आलेल्या, लवकर वाढलेल्या मुलीचं हाड तिच्यापेक्षा वर्ष-दीड वर्ष मोठं दिसू शकतं. कुपोषित मुलीचं लहान दिसतं, आणि तिच्या नावानं खोटे कागद करणाऱ्याचं फावतं. सुदामानगरच्या त्या आईनं हे मुद्दाम वाचावं. सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच म्हटलंय, की अशा तपासणीत दोन वर्षं इकडे किंवा तिकडे चूक धरावी लागते. चौदाच्या गटात दोन वर्षांची चूक म्हणजे काय राहिलं? बालन्यायाच्या २०१५ च्या कायद्यातही वय ठरवताना आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर निगम-पंचायतीचं जन्म प्रमाणपत्र, आणि हे काहीच नसेल तरच हाडाची तपासणी, असा क्रम आहे. फुटबॉलवाल्यांनी २००९ पासून सतराखालच्या विश्वचषकात मुलांच्या मनगटाचं एमआरआय सुरू केलं. त्यात किरणं नाहीत, पण आपल्या जिल्हा शिबिरांना तो खर्च कुठून परवडणार!

एक्स-रे काढू द्या, नाही म्हटलं तर उगाच संशय वाढतो. सोबत नातीचं जन्म प्रमाणपत्र द्या आणि नोंद वेळेत झालेली असेल तर त्या तारखेखाली पेन्सिलीनं रेघ मारा. अहवालाची प्रत मागून घ्या. त्यावर नुसतं ‘अपात्र’ लिहिलेलं असेल, हाडाचं वय आणि वापरलेली पद्धत लिहिलेली नसेल, तर लेखी अपील करा.

प्रश्न : आमचा मुलगा २८ डिसेंबरचा. चार दिवसांनी झाला असता तर एक वर्ष जास्त खेळला असता. काही करता येईल का?
– एक पालक, टिळकनगर

उत्तर : नाही. तुमचं दुखणं खरं आहे, तेवढं कबूल. कॅनडातल्या रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये आइस हॉकीच्या कुमार खेळाडूंचे वाढदिवस मांडले, तर जानेवारी ते मार्चचे भरपूर आणि वर्षाच्या शेवटचे अगदी थोडे निघाले. गटात वर्षानं मोठी असलेली पोरं उंच दिसतात, निवडली जातात, त्यांना चांगला कोच मिळतो. डिसेंबरवाला मागे राहतो. म्हणून प्रशिक्षकांना सांगा की निवडीच्या तक्त्यात नावापुढे जन्ममहिना लिहा. आणि मुलाला थ्रो शिकवा. तारीख तिथेच राहू द्या.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. पाचवीत शाळा बदलली तेव्हा सरांनी फॉर्मवर माझं जन्मवर्ष २०१० चं २०१२ केलं. बाबांना माहीत होतं. मी राज्याकडून खेळले, मेडल आहे. संघात सगळ्या मला छोटी म्हणतात आणि मी सगळ्यांत मोठी आहे. मला खरं सांगायचंय. पण मेडल जाईल, संघ जाईल, बाबांना पोलीस नेतील का? नाव छापू नका.

उत्तर : हे तू केलेलं नाहीस. पाचवीतल्या मुलीच्या फॉर्मवर मोठी माणसं लिहितात, मुलगी सांगतील तिथे सही करते.

तुला एक खरी गोष्ट सांगते. २००१ मध्ये अमेरिकेतल्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या बेसबॉल विश्वमालिकेत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या संघाचा डॅनी अल्मोंटे नावाचा पिचर होता. एका सामन्यात त्यानं एकाही बॅटरला बेसवर पोचू दिलं नाही, देशभर त्याचं नाव झालं. मग ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या बातमीदारांना डॉमिनिकन प्रजासत्ताकात त्याची जुनी जन्मनोंद सापडली. जन्म १९८७ चा, म्हणजे तो चौदाचा. १९८९ चा कागद वडिलांनी मागाहून केलेला होता. संघाचा तिसरा क्रमांक आणि सगळे विजय गेले. कायमची बंदी आली ती वडिलांवर आणि संघ चालवणाऱ्यावर. मुलाला दोषी धरलं नाही. तो पुढे शाळेच्या संघाकडून खेळला.

तुझ्या बाबतीत काय होईल ते गोड करून सांगत नाही. मेडल परत जाऊ शकतं. आपल्याकडे वयचोरीविरुद्धची राष्ट्रीय संहिता २०१० पासून आहे, आणि २०२५ मध्ये मंत्रालयानं तिचा नवा मसुदा काढला. पहिल्यांदा सापडलं तर दोन वर्षं बंदी आणि पदकं काढून घेणं, दुसऱ्यांदा सापडलं तर कायमची बंदी आणि पोलिसांत तक्रार, असं त्यात आहे. पण त्याच मसुद्यात आपण होऊन खरं वय सांगणाऱ्यांना सहा महिन्यांची एकदाची सवलतही ठेवलीय. तेव्हा आपण होऊन सांगणं आणि कुणी हरकत घेतल्यावर सापडणं, यात फार अंतर आहे. आज तू स्वतः सांगू शकतेस. राज्याच्या निवडीत तुझ्या जागी बसू न शकलेल्या मुलीच्या आईनं जुन्या शाळेत जाऊन स्कॉलर रजिस्टर बघितलं, तर ते तुझ्या हातात राहणार नाही.

आणि नववी. यंदा तुमच्या शाळेतून बोर्डाचं नामांकन जाईल. त्यात गेलेली तारीख दहावीच्या अंकसूचीवर येते आणि पुढे पासपोर्टपासून नोकरीपर्यंत सगळीकडे तीच मागतात. त्यामुळे हे आता करायचं, पुढच्या हंगामानंतर नाही. तुझ्या खऱ्या वयाप्रमाणे तू सतराखालच्या गटात बसतेस. तिथे तुझ्याएवढ्याच मुली आहेत, त्यांचा चेंडू जास्त वेगानं येईल, आणि पहिल्या काही सामन्यांत तुला स्ट्राइकआउट करतील. करू देत.

आधी आईशी बोल. ती नसेल तर आजी, मावशी, जिच्यापुढे तुला रडू आलं तरी चालेल अशी कुणीही. घरातलं मूळ जन्म प्रमाणपत्र शोधा. नसेल तर जिथे जन्म झाला तिथल्या निगममधून प्रत मिळते. मग आईबाबांनी दोन अर्ज लिहायचे, एक मुख्याध्यापकांना तारीख दुरुस्त करायचा, एक राज्य संघटनेला खरं वय कळवायचा. दोन्हींवर सह्या त्यांच्या, तुझी नाही. पोच घ्यायची आणि प्रत घरी ठेवायची. सर चिडले, ‘गप्प बस’ म्हणाले, धमकी दिली, तर १०९८ लाव. मुलांसाठीचा तो नंबर आहे, पैसे पडत नाहीत.

तुझं नाव, शाळा, गाव मी छापलेलं नाही आणि पत्रही ऑफिसात ठेवलेलं नाही. आई ऐकायला तयार नसेल तर पुन्हा लिही आणि तिचा फोन नंबर दे. मी स्वतः बोलते तिच्याशी.